उपाशी पाहिलेली गाडी

आत्याबाई, परवा सकाळी धनजवाल्यांचा फोन आला. त्यांना काहीच माहीत नव्हतं. नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "ताई, आठ दिवस कवाचेच झाले बरं! पसंत पडला का तुमच्या आत्याबाईले चौपाया? का घिऊन जाऊ वापस?" मी सांगितलं, त्या गेल्या. मग ते हळूच बोलले, "अरे बाप्पा... घाई नाई ताई, सवडीनं येतो गाडी न्याले. पण त्याईनं काय ठरोलं होतं, हो का नाई? सहज इचारून राह्यलो."

ते मलाच माहीत नव्हतं. तुमच्या घरी सून म्हणून आले तेव्हापासून तुम्ही मला न विचारलेल्या हजार गोष्टी सांगितल्या. भाकरी कुठल्या बाजूनं आधी शेकायची, कुठल्या शेजारणीला विरजण द्यायचं नाही, पावसाळ्यात लुगडं कुठं वाळत घालायचं. ज्या एका गोष्टीवर आपण दोघी महिनाभर भांडलो, तिचं उत्तर मात्र पोटात घेऊन गेलात. रागच आला आहे मला तुमचा. रडून झालं, जलदानविधी झाला, पाहुणे गेले, आणि राग तेवढा उरला आहे.

खरं तर ते सगळं सुरू झालं तुमच्या गुडघ्यांपासून. डॉक्टरांनी सांगितलं, आता खालच्या वावरात पायी जायचं नाही. दोन नाले, मधला तो काळ्या मातीचा निसरडा उतार. तुमच्या लेकाच्या, सुधीरच्या मोटरसायकलवर मागं बसलात तर त्या उतारावर दोघंही पडलात, आणि तो तेव्हाच म्हणाला, "आई, आता वावर ठोक्यानं देऊन टाकू. कोनी तरी करीन अन् वर्साचे ठरले पैसे देईन. तू घरी बस." सोयाबीन निघालं, हरभरा पेरला गेला आणि तुम्ही तो पाहिला नाही, तेव्हा जेवणावरची तुमची वासना गेली. ताटात भाकरी तशीच राहायची. लग्न होऊन आल्यापासून ज्या वावरात तुम्ही रोज उभ्या राहिलात, तिथं आता दुसऱ्याची तिफण चालणार, हे तुम्हाला गिळवत नव्हतं.

मग एक दिवस माझ्या मोबाईलवर तुम्ही ती गाडी पाहिली. चार जाडजूड चाकं, वर घोड्यासारखं बसायचं, हँडल मोटरसायकलचं. धनजकडं एका माणसानं शहरातल्या लोकांसाठी शेतात झोपड्या, झोके, शेततळं असं काहीबाही केलं होतं, त्यात पोरांना फिरवायला ही क्वाड बाईक घेतली होती. धंदा बसला आणि गाडी विकायला निघाली. तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "हिले चार पाय हायेत. हे पडत नाई." मी म्हटलं, आत्याबाई, ही रस्त्यावर चालवता येत नाही, हिला पासिंग नाही. तुम्ही म्हणालात, "मले कोनतं वाशीमले जाचं हाये? गोठ्यातून धुऱ्या-बांधानं वावरात, अन् वावरातून गोठ्यात."

तुमची गंमत अशी की तुम्हाला गाडीतलं ओ का ठो कळत नव्हतं, आणि तरी पारख करायला तुम्ही माझ्याआधी तयार. तुमचे वडील बैलांचे पारखी. लहानपणी त्यांच्या मागं मागं तुम्ही बाजार हिंडलात आणि जाणती माणसं बैल दाखवायला तुमच्याकडं यायची. मी केनवडच्या गॅरेजवाल्याची पोर. पान्यांच्या आवाजात वाढले, धूर पाहून इंजिनाचं दुखणं सांगू शकते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, इथं तर एका गाडीत दोन पारखी बसायच्या होत्या.

त्या फोनचं आठवतं ना? मी धनजवाल्यांना बजावत होते, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, इंजिन थंड पाहिजे. जुनी गाडी विकणारा आधीच तापवून ठेवतो, म्हणजे ती एका झटक्यात सुरू होते आणि गिऱ्हाईक खूश. एवढं मी सांगतेय तोच तुम्ही माझ्या हातातून फोन ओढलात. "अन् भाऊ, उपाशी ठेवजा तिले! बैल उपाशी पायतो आमी. व्यापारी लोक सकाळीच पेंड-पानी चारून पोट फुगवते, मंग बरगड्या दिसत नाई." मी हसून विसरून गेले. धनजवाले मात्र आज्ञाधारक निघाले.

आपण दोघी आणि ऑटोवाला, एवढा लांबचा पल्ला मारून गेलो. मी चावी फिरवली, बटन दाबलं. घर्रर्र, आणि काहीच नाही. पुन्हा दाबलं. धनजवाले हात जोडून उभे. "आजी, तुमीच तं सांगतलं ना उपाशी ठेवा म्हनून. काल पेट्रोल सगयं काढून घेतलं म्या." आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! तुमच्याकडं पाहिलं तर तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "शब्दाचा मानूस हाये." ते बिचारे मोटरसायकलला लाथ मारून बाटलीत पेट्रोल आणायला गेले, आणि पंप काही जवळ नव्हता.

पण त्या तासाभराएवढं निवांत मी कुठलीही गाडी पाहिली नाही, आत्याबाई. विकणारा उरावर उभा नव्हता. गोणपाट टाकून मी खाली शिरले. पेट्रोलची टाकी रिकामी, म्हणून मोबाईलचा उजेड टाकून तळ पाहता आला. गंज नव्हता, गाळ नव्हता. भरलेल्या टाकीत ते कधीच दिसलं नसतं, आणि हे मी तुम्हाला तेव्हा मुद्दाम सांगितलं नाही, कारण तुम्ही गावभर सांगत सुटला असतात. ऑइल बोटावर घेऊन चोळलं, पांढरट नव्हतं, म्हणजे आत पाणी गेलेलं नाही. हवेची जाळी साफ. पुढचं एकेक चाक फळीनं उचलून वरखाली हलवलं, तर डावं चाक खुळखुळत होतं.

तुम्ही तोवर वर बसून राहिला होतात. कुणाच्या मदतीनं चढलात ते मला कळलंच नाही. मग खाली उतरून, कमरेवर हात ठेवून, तुम्ही गाडीभोवती चक्कर मारलीत, पुढून, मागून. आणि म्हणालात, "मीना, डाव्या पायात लंगडते हे."

मी विचारलं, कशावरून?

"खूर पाह्य ना तिचा. आतून झिजला हाये. उजवा सारखा हाये."

टायर खरंच आतल्या कडेनं जास्त झिजला होता. मी पुन्हा खाली घुसले आणि डाव्या बाजूला नखानं रंग खरवडला. वरून कीर्तन आतून तमाशा! नव्या लाल रंगाखाली वेल्डिंगचा ओबडधोबड पट्टा, जिथं पुढची दांडी चौकटीला धरते नेमका तिथंच. मी बाहेर येऊन म्हटलं, चला आत्याबाई, ही घ्यायची नाही.

धनजवाले पेट्रोल घेऊन आले, तेव्हा मी बोलणार त्याआधी तुम्ही त्यांना विचारलंत, "भाऊ, कोठीसा पडली होती हे?" ते एक क्षणही थबकले नाहीत. "नाल्यात, आजी. पुण्याचा एक पोट्टा धुऱ्यावरून थेट नाल्यात घिऊन गेला. कारंज्याले नेऊन जोडून आनली. रंग दिला, कारन लोकाईले डाग दिसला का थे बसतच नाई." तुम्ही मान हलवलीत, जणू एखाद्या पाहुण्यानं घरचं खरं सांगितलं. गाडी सुरू झाली, निळा धूर क्षणभर आला आणि गेला, रिव्हर्स जरा खरखरत पडला. शेततळ्याच्या चढावर मी ती नेली, उतरवली. इंजिन चांगलं होतं, नाही म्हणणार नाही. पण जोड तो जोडच.

परत येताना ऑटोत आपण भांडलो. आजही ते भांडण माझ्या कानात आहे.

"बैल एकडाव खड्ड्यात पडला का दुसऱ्यांदा त्या वाटेनं जात नाई," तुम्ही म्हणालात.

"आत्याबाई, थो बैल असते. लोखंड काई शिकत नाई."

"चालवनारी शिकते ना."

"चालवनारीचे गुडघे गेले हायेत!"

"म्हनून तं गाडी पायजे."

ऑटोवाला हसायला लागला. मला इतका संताप आला की वाशीम येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. तुम्ही पिशवीतून शेंगदाणे काढून ऑटोवाल्याला दिलेत आणि मग मलाही दिलेत. मी खाल्ले.

शेवटी तुमच्या वडिलांच्या रिवाजानं तोड निघाली. बैल पसंत पडतो की नाही ते बाजारात ठरत नाही, घरी आणून आठ दिवस खुंट्याला बांधायचा, जुंपून पाहायचा, खातो कसा, फुत्कारतो का, रात्री कसा बसतो, हे पाहायचं आणि मग हो किंवा नाही. त्यातही तुमच्या घरचा एक नियम, जो मी लग्नानंतर ऐकला होता. पारखीतला बैल जुन्या खुंट्याला बांधायचा. तो पाहुणा असतो. मनाला पटला, सौदा पक्का केला, तर त्याच्यासाठी नवा खुंटा ठोकायचा आणि तो स्वतःच्या हातानं. तुम्ही हे फोनवर धनजवाल्यांना समजावलंत तेव्हा मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, "चालते आजी. माहे आबा बी असंच करत." आणि गाडी टेम्पोत घालून पोहोचवूनही गेले.

त्या दिवसाचा घोळ आठवतोय? नवीन बैल दारात आला की पायावर पाणी घालतात, म्हणून तुम्ही बादली घेऊन आलात. आणि टेम्पोतून उतरवून गावातून मी चालवत आणलेल्या गाडीच्या तापल्या सायलेन्सरवर ती ओतलीत. असा काही फुस्स करून वाफेचा लोट उठला की शेजारची म्हातारी आत पळाली. मी ओरडले, तुम्ही ओरडलात, सुधीर कपाळावर हात मारून उभा. मग तुम्ही शांतपणे जुन्या खुंट्याचं दावं घेतलंत आणि हँडलला गाठ मारलीत. "आई, हे कोठं पयून जाते का?" सुधीर म्हणाला. "पाहुनी हाये तोवर बांधाच लागते," तुम्ही म्हणालात.

चालवायला मी शिकवलं. रेस या गाडीला अंगठ्यानं द्यायची असते. तुम्ही अंगठा दाबून पाहिलात आणि खुदकन हसलात. "आयुष्यभर म्हनलं, अंगठा नाई लावनार, सहीच करीन. म्हातारपनी अंगठाच कामी आला वं." पहिल्या दिवशी गोठ्याच्या भिंतीला धडकलात, दुसऱ्या दिवशी कोंबड्या पळवल्यात. त्यानंतर तुम्ही धुऱ्यावर निघालात तेव्हा मी मागं बसले होते, उताराला माझा जीव मुठीत होता आणि तुम्ही मात्र जऊळक्याची आगगाडी शिट्टी देते तशी तोंडानं शिट्टी वाजवत होतात. वावरात पोचल्यावर तुम्ही उतरला नाहीत. बसल्या जागेवरून हरभरा पाहिलात, कितीतरी वेळ. मग म्हणालात, "उगोला बरा हाये." डोळ्याला पदर लावलात आणि मला म्हणालात, धूळ गेली.

घरी आल्यावर जेवलात. दोन भाकरी. मी सुधीरकडं पाहिलं, त्यानं मान खाली घातली.

तरी मी काही बदलले नव्हते. रोज सकाळी मी खाली वाकून तो जोड पाहायची आणि तुम्ही ते पाहून न पाहिल्यासारखं करायचात. एकदा मी म्हटलं, हा जोड तुटला तर उतारावर तुटेल, सपाटीवर नाही. तुम्ही म्हणालात, "तुह्यासारखी सून असल्यावर तुटू देशीन का तू?" हा टोमणा होता की कौतुक, ते तुम्ही कधीच कळू दिलं नाहीत.

शेवटच्या दिवशी तुम्ही पहाट फुटल्यावर एकट्याच गेलात. मला उशिरा कळलं. मी कामावर जायच्या बससाठी पदर खोचून निघाले होते तेव्हा तुम्ही परत आलात, हात मातीनं भरलेले, चेहरा तापलेला. दाव्याची गाठ मारलीत आणि म्हणालात, "मीना, तुले एक सांगाचं हाये."

"मंग सांगा ना."

"तुही बस जाईन. संध्याकायी सांगतो. च्या पेता पेता."

माझी बस मला मिळाली. दुपारी शेजारणीचा फोन आला. तुम्ही अंगणात बाजेवर उन्हात झोपला होतात, आणि उठलाच नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थांबलं, झोपेतच. त्रास झाला नसेल. मी हे वाक्य मनाशी पुष्कळदा म्हणते आणि ते मला पुरतं.

लोकांना पुरलं नाही. येणारा प्रत्येक जण गोठ्याकडं पाहून जायचा. त्या गाडीच्या हिसक्यानं गेली म्हातारी, या वयात काय ते खूळ, असं कानावर यायचं. सुधीरही ते ऐकायचा, आणि एका संध्याकाळी मला म्हणाला, "थे गाडी वापस कर. अन् वावराचं म्या पक्कं केलं हाये, सोमवारी ठोक्यावाला येते." त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याची आई गेली होती आणि ती जिवंत असताना जिच्यावर बसून हसली, ती गाडी दारात उभी होती. मी गाडी पुसायला गेले तर मागच्या कॅरियरला तुमची कुऱ्हाड बांधलेली दिसली. सरपण आणायला नेली असेल असं वाटलं. ती मी काढून जागेवर ठेवली.

त्या फोननंतर मात्र माझं मन लागेना. धनजवाल्यांनी सहज विचारलेलं ते, हो का नाही. आज सकाळी सुधीरला म्हटलं, गाडी जायच्या आधी आणि वावर जायच्या आधी एकदा जाऊन पाहू. तो नको म्हणाला, मग चप्पल घालून आला. मी थंड इंजिनावर हात ठेवला, बटन दाबलं, पहिल्याच दमात सुरू झाली. तो मागं बसला, माझ्या खांद्याला न धरता. उतारावर त्यानं धरलं.

हरभऱ्याला घाटे लागले आहेत, आत्याबाई. तुम्हाला आवडलं असतं. मी धुऱ्यावर गाडी उभी केली आणि सुधीर निंबाच्या झाडाकडं चालत गेला, जिथं आपले बैल असताना दुपारी बांधायचे. तिथं तो थांबला. हाक मारली नाही, नुसता थांबला, म्हणून मी गेले.

निंबाखाली नवा खुंटा ठोकलेला होता. बाभळीचा, अजून ओलसर, साल निघालेली. वरचं टोक डाव्या बाजूनं तासलेलं, कारण तुम्ही डावखुऱ्या. शेजारी ज्या दगडानं ठोकला तो दगड, आणि जवळच मातीत जाड चाकांच्या खुणा, जिथं तुम्ही गाडी नेऊन लावून पाहिली असणार. गुडघे टेकल्याशिवाय तो खुंटा ठोकता आला नसता. टेकले असतील, आणि उठताना गाडीचं हँडल धरलं असेल.

मी मोठ्यानं रडले. वावरात कोण ऐकणार होतं! सुधीर खुंट्याला हात लावून म्हणाला, "आईनं ठोकला." मग तो हरभऱ्याकडं वळला. म्हणाला, "ठोक्यावाल्याले नाई म्हनतो. आपनच करू." आणि लगेच, तुमच्यासारखंच, "पन तुह्या त्या जोडाचं काय?"

जोडाचं माझं म्हणणं तेच आहे, आत्याबाई. लोखंड शिकत नाही. येत्या रविवारी गाडी टेम्पोत घालून केनवडला नेणार आहे, माझ्या भावाच्या गॅरेजमध्ये तो पट्टा कापून नवा बसवून घेणार, डाव्या चाकाचं बेअरिंगही बदलणार. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, एवढं कायले, आणि मी तुम्हाला उत्तर दिलं असतं, आणि आपण पुन्हा शेंगदाणे खाल्ले असते. ते भांडण मी सोडलेलं नाही. तुम्हाला जिंकू दिलं असं समजू नका.

धनजवाल्यांना मी वावरातूनच फोन लावला. म्हटलं, भाऊ, त्याईनं हो म्हनलं होतं.

मग गाडी निंबाखाली आणली आणि दाव्याची गाठ मारली. ओढून पाहिलं तर खुंटा जरा हलत होता. गुडघे दुखत असताना जेवढा जोर लागला, तेवढाच लागला होता. मी खाली बसले, तुमचा दगड उचलला आणि उरलेले घाव घातले.